सुटी प्रतिक्रिया द्यावी

माझी पुतणी एक गेम बनवते आहे. नोकरी सांभाळून, रात्री दहानंतर, गेली दोन वर्षं. गेममध्ये आपण एसटीचे कंडक्टर असतो. गाडी घाटातून चाललेली, आत खच्चून गर्दी, आणि पुढचा थांबा यायच्या आत माणसांतून वाट काढत तिकिटं फाडून हिशेब जुळवायचा. सगळी मजा सुट्या पैशांत आहे. कुणाला किती परत द्यायचे, कुणाच्या तिकिटामागे बाकी लिहून द्यायची, आणि उतरताना ती बाकी मागायला आलेल्या आजोबांना कसं तोंड द्यायचं.

दिवाळीत तिनं तो घरच्यांना दाखवला. आजी म्हणाली, "किती गोड गं." मी म्हणालो, "भारी झालाय." दोन्ही आत्यांनी गेमपेक्षा पोरीचं कौतुक जास्त केलं. मग शेजारचा अकरा वर्षांचा मुलगा आला, त्यानं फोन हातात घेतला आणि पहिल्याच प्रवाशापाशी अडला. तिकीट तेरा रुपयांचं, प्रवाशानं वीसची नोट पुढे केलेली. मुलगा पाच-सहा मिनिटं स्क्रीन टोचत बसला, मग फोन पालथा ठेवून फराळाला निघून गेला. जाता जाता म्हणाला, "ताई, यात क्यूआर कोड टाक ना."

त्या संध्याकाळी पुतणीला कामाची अशी एकच प्रतिक्रिया मिळाली. ती त्या मुलाच्या बोलण्यात नव्हती. त्यानं फोन पालथा ठेवला, त्यात होती.

हे सांगण्याचं कारण असं. पुतणीला दरमहा शंभर-दोनशे रुपये देणारे चाळीसेक पाठीराखे आहेत. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ते जमतात, अर्धवट गेम खेळतात, मतं देतात. एकाला घाटात भूत हवं आहे. एकाला एसटीऐवजी व्होल्वो हवी आहे. एक जण मध्यंतरी चिडून म्हणाला की पैसे आम्ही देतो, तर आमचं ऐकायला काय होतं? तो उद्धटपणानं बोलला, पण प्रश्न खोटा नाही. कलाकृती पूर्ण व्हायच्या आधीच जो पैसे देतो, त्याचा तिच्यावर हक्क किती?

गेमच्या जगात हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत तापला आहे. (आपल्याकडे 'गेम' म्हटलं की अजूनही काहींना पैसे लावून खेळायची रमी आठवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा पुतणीला चार नातेवाइकांचे "आता तुझं कसं?" असे फोन आले. तर ते गेम हे नव्हेत.) २०१२ च्या फेब्रुवारीत डबल फाइन या अमेरिकी स्टुडिओनं किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करायच्या संकेतस्थळावर एका जुन्या धाटणीच्या गेमसाठी चार लाख डॉलर मागितले आणि ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून तेहतीस लाखांच्या वर दिले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानानं अर्ली ॲक्सेस सुरू केलं, म्हणजे अर्धा शिजलेला गेम विकत घ्यायची सोय. प्रकाशकाच्या दारात न जाता थेट लोकांकडून पैसे घेऊन काम करायचा रस्ता एकट्या-दुकट्या माणसालाही खुला झाला. त्या रस्त्यानं पैशांमागोमाग सल्लेही आले.

मराठी माणसाला हे सगळं फार नवं वाटू नये. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकाची नोंदणी करणं आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. तीही एक प्रकारची आगाऊ वर्गणीच. पण कोशाच्या तिसऱ्या खंडाचे पैसे आधी भरले म्हणून कुणी संपादकाला नोंदी सांगायला गेल्याचं ऐकिवात नाही. गणपतीची वर्गणी देणारा मात्र बिनदिक्कत सांगतो, यंदा देखावा अमुक करा. फरक कुठून येतो? पुस्तकाच्या वेळी मधे प्रकाशक उभा असतो आणि काम होतं बंद दाराआड. मंडळाचं काम चालतं आपल्या नाक्यावर, रोज डोळ्यांदेखत. अर्धवट गेम विकणारा आपलं काम नाक्यावर आणून ठेवतो. मग येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून दोन शब्द सुनावले, तर नुसतं तोंड वाकडं करून चालणार नाही.

माझं म्हणणं असं की पाठीराख्याला मताचा हक्क आहे, मतदानाचा नाही. आणि गेम करणारा त्याला आज्ञापालन देणं लागत नाही, उत्तर देणं लागतो. या दोन वाक्यांतला दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे, पण आधी पहिल्याकडे पाहू.

ड्वॉर्फ फोर्ट्रेस नावाचा गेम टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोघे भाऊ बनवतात. २००६ साली तो फुकट उपलब्ध झाला आणि पुढची कित्येक वर्षं भावांचं घर लोकांनी स्वखुशीनं दिलेल्या देणग्यांवर चाललं. देणगी देणाऱ्याला भाऊ रंगीत खडूंनी काढलेलं चित्र नाही तर एखादी छोटी गोष्ट पाठवत. गेममध्ये ठेंगू माणसांची वसाहत वसवायची असते आणि त्या वसाहतीत जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोजली जाते, कुणाचं कुठलं बोट दुखतंय इथपर्यंत. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीत गुत्ते आले, ठेंगू तिथे जमून पिऊ लागले. थोड्याच दिवसांत एका खेळाडूनं तक्रार केली की गुत्त्यात मांजरं मरून पडत आहेत, ओकारीनं माखलेली. का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

टार्ननं शोध घेतला तेव्हा उलगडलं ते असं. ठेंगू पिताना दारू सांडत होते. ती फरशीवर पडत होती, मांजरं तिच्यातून चालत होती, पंजांना दारू लागत होती. मांजर अंग चाटून स्वच्छ करतं, ही सोय गेममध्ये आधीपासूनच होती. आणि हिशेबात चूक अशी की पंजा एकदा चाटला की पोटात भरलेला अख्खा पेला गेला असं धरलं जात होतं. इवल्याशा जिवाला ती दारू भोवत होती.

ही गोष्ट गेमवाल्यांमध्ये हसण्यासाठी सांगतात. मला त्या खेळाडूच्या तक्रारीतला संयम जास्त आवडतो. त्यानं पाहिलं ते लिहिलं. समजा त्यानं उपाय लिहिला असता की मांजरांना गुत्त्यात येऊ देऊ नका, आणि भावांनी तो मुकाट्यानं अमलात आणला असता, तर मांजरं वाचली असती आणि चूक तशीच राहिली असती, दुसऱ्या कुणाचा तरी जीव घ्यायला. पुतणीच्या गेममध्ये क्यूआर कोड टाकणं हे अगदी असंच. मुलगा अडला हे शंभर टक्के खरं, पण ज्या गोष्टीसाठी गेम बनवला तीच गोष्ट त्याच्या उपायानं नाहीशी होते. त्याला सुट्या पैशांचं कोडं अवघड गेलं असंही नव्हतं. ते कोडं आहे हेच त्याला कळलं नव्हतं. त्याच्या आईच्या पाकिटात नाणी नसतात.

कुणी म्हणेल, कवी वाचकांना विचारून कविता लिहीत नाही, मग गेमवाल्यानंच का विचारावं? कारण गेम हा कवितेपेक्षा नाटकाला जवळचा. समोर माणूस आल्याशिवाय तो उभाच राहत नाही. बनवणाऱ्याला दार कुठे आहे ते ठाऊक असतं, म्हणून दार दिसत नाही हे त्याला कधीच दिसत नाही. मी पंधरा वर्षं प्रायोगिक नाटकांच्या पडद्यामागे काढली. रंगीत तालमीला आम्ही मुद्दाम नाटकाशी संबंध नसलेल्या दोघा-चौघांना बोलवत असू. तालीम संपल्यावर ते काय बोलतात याकडे दिग्दर्शकाचं फार लक्ष नसे. तो आधीच विंगेतून त्यांचे चेहरे बघून बसलेला असे, खुर्चीत कोण कधी सरकलं, घड्याळाकडे कोणी पाहिलं. एकदा मात्र पैसे घालणाऱ्या एका गृहस्थांनी शेवट गोड करायला लावला आणि आम्ही केला. अकरा प्रयोगांत नाटक बंद पडलं. कडू शेवटानं ते कदाचित नवव्या प्रयोगाला बंद पडलं असतं, पण ते आमचं नाटक असतं.

आपल्या रंगभूमीनं प्रेक्षकाला डोक्यावर घेतल्याचा एक मोठा दाखला आहेच, वन्स मोअर. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला इतके वन्स मोअर पडत की रात्री उघडलेला पडदा पहाटेकडे झुकेपर्यंत पडत नसे. ती गाणी आज ऐकताना मी त्या प्रेक्षकांना नावं ठेवू शकत नाही. मागण्यासारखंच होतं ते. पण वन्स मोअर देणाऱ्याला जे आवडलं तेच पुन्हा हवं असतं, हेही त्यात आलं. अजून न पाहिलेली गोष्ट कुणी टाळ्या वाजवून मागू शकत नाही. पाठीराख्यांच्या मतांनी गेम चालवायचा म्हटलं तर हाच धोका असतो. २०१३ साली मायटी नंबर नाइन या गेमला किकस्टार्टरवर ३८ लाख डॉलर मिळाले, कारण तो लोकांच्या लहानपणीच्या आवडत्या गेमसारखा होणार होता. नायकाच्या जोडीदारणीचं रूप कसं असावं, यावरही पैसे देणाऱ्यांनी मत दिलं. वारंवार पुढे ढकलत २०१६ च्या जूनमध्ये गेम आला आणि बहुतेकांची निराशा झाली. मतदानामुळे तो फसला असं मी म्हणणार नाही, फसायला इतर कारणं पुष्कळ होती. पण मतदानानं तो वाचलाही नाही.

याउलट स्टारड्यू व्हॅली. एरिक बरोन या अमेरिकेतल्या तरुणानं तो एकट्यानं, साडेचार वर्षं खपून बनवला. मधल्या काळात नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करून घर चालवलं. अर्धवट गेम विकण्याची सोय असूनही ती वापरली नाही, २०१६ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाल्यावरच विक्रीला आणला. म्हणजे हा माणूस कुणाचं ऐकणारा नव्हता म्हणावं, तर त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यानं नवी आवृत्ती काढली आणि त्यात एमिली आणि शेन या गावातल्या दोघांशी लग्न करण्याची सोय केली. लोकांनी तशी मागणी धरली होती. ही तर सरळ कथेतली ढवळाढवळ झाली, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी. मी त्याचा अर्थ असा लावतो की इतक्या लोकांना त्या दोघांत जीव गुंतवावासा वाटला, म्हणजे ती माणसं त्याच्या हातून नकळत चांगली वठली होती. खेळाडूंनी त्याला त्याच्याच कामातलं त्याला न दिसलेलं काही दाखवलं. घ्यायचं की नाही ते त्यानं ठरवलं.

हेडीझ हा गेम बनवणाऱ्या सुपरजायंट गेम्सनं याहून चलाख मार्ग काढला. २०१८ च्या डिसेंबरापासून २०२० च्या सप्टेंबरापर्यंत गेम अर्धवट अवस्थेत विकला जात होता. शस्त्रं कुठली बोथट, कुठली जड, कुठल्या शत्रूपाशी लोक कंटाळतात, हे सगळं हजारो हातांकडून तपासून घेतलं. पण कथेचा खरा शेवट पूर्ण आवृत्ती येईपर्यंत पेटीतच ठेवला. तालीम सगळ्यांसमोर, शेवटचा अंक झाकलेला.

आता दुसरा भाग, उत्तर देण्याचा. गेमवाल्यांच्या कौतुकात आपण एक गोष्ट झाकून ठेवतो. ऐकून घेणं आणि ऐकल्याचं कळवणं यांत अंतर आहे आणि त्या अंतरातच बहुतेक भांडणं होतात. डबल फाइननं २०१३ च्या जुलैत पाठीराख्यांना सांगितलं की मागितलेल्या रकमेच्या आठपट मिळूनही पैसे पुरत नाहीत, गेम दोन भागांत येईल. लोक चिडले, आणि चिडायला जागाही होती. तरी त्यांना ते आधी कळलं, कारणासह. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हेलो गेम्स या इंग्लंडमधल्या छोट्या कंपनीचा नो मॅन्स स्काय आला. लोकांना सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी त्यात नव्हत्या. गदारोळ उठला आणि कंपनी जवळजवळ गप्प झाली. पुढे तिनं वर्षानुवर्षं मोफत सुधारणा देऊन गेम खरोखर नावारूपाला आणला, हे तिचं मोठेपण. पण त्या पहिल्या काही महिन्यांतली शांतता मला पटलेली नाही. काम चालू आहे, एवढं म्हणायला सुधारणा पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचं उदाहरण माझी पंचाईत करतं. हॉलो नाइट या गेमसाठी त्यांनी २०१४ मध्ये लोकांकडून पैसे घेतले, आणखी रक्कम जमली तर एक जास्तीचं पात्रही खेळायला देऊ म्हणाले. ते पात्र फुगत फुगत स्वतंत्र गेम झालं, सिल्कसाँग. २०१९ च्या फेब्रुवारीत घोषणा, २०२५ च्या ४ सप्टेंबरला गेम, मधे चुकून कधी दोन शब्द. गेम आला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला. मग माझं उत्तराचं देणं गेलं कुठे? मला वाटतं, आधीच्या गेमनं कमावलेल्या भांडवलावर ती शांतता त्यांना परवडली. आणि सिल्कसाँग सुरुवातीलाच फार कठीण आहे अशी ओरड झाली तेव्हा त्यांनी काही दिवसांतच सुरुवातीच्या दोन मोठ्या शत्रूंना थोडं सौम्य केलं. बोलले नाहीत, पण ऐकत होते. पहिलाच गेम करणाऱ्या माणसानं साडेसहा वर्षं असं गप्प बसावं, असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

उत्तर देण्याची किंमत पडते, हेही सांगायला हवं. मोठ्या कंपनीत लोकांचे शिव्याशाप झेलायला एक वेगळा विभाग असतो. एकटा माणूस सकाळी दात घासताना ते वाचतो. फिल फिश या कॅनेडियन गेमकारानं २०१३ च्या जूनमध्ये फेझ या आपल्या गेमच्या दुसऱ्या भागाची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात ट्विटरवरच्या वादावादीनंतर तो गेम कायमचा रद्द केला. त्याचा स्वभाव तिखट होता, मान्य. पण समोरची गर्दी हजारोंची होती आणि हा एकटा होता. पाठीराख्याचं देणं इथे सुरू होतं. तो एकच ओळ लिहितो, पण तशा चारशे ओळी वाचायला बसलेला माणूस एकच असतो, हे त्यानं लक्षात ठेवावं.

हे झालं बाहेरच्या जगाचं. आपल्याकडचं दुखणं उलट आहे. तिकडे सल्ल्यांचा पूर, इकडे "मस्त", "भारी", "अभिमान वाटतो". पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं राजी: ॲन एन्शंट एपिक बनवायला घेतला, भारतीय पुराणकथांच्या वातावरणातली, भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर मदत मागितली, ठरवलेली रक्कम काही जमली नाही. तरी त्यांनी रेटलं, गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनात गेला. आपल्याकडे छाती फुगवणाऱ्या पोस्ट तेव्हा पडल्या. पण मारामारी कुठे तोकडी वाटते, शेवट कसा अचानक तुटतो, हे नेमकेपणानं लिहिणारे बरेचसे परीक्षक बाहेरचे होते. पुढे स्टुडिओनं सुधारित आवृत्ती काढली, हिंदी आवाज दिले. अभिमानाच्या पोस्टींमधून असं काही सुधारता आलं असतं असं मला वाटत नाही. "आपल्या पोराला कशाला नाउमेद करायचं" हा आपला भाबडेपणा आहे, आणि सांगायची भीडही. स्टीमवर दरवर्षी दहा हजारांहून अधिक नवे गेम येतात. तिथल्या परक्या गिऱ्हाइकाला आपल्या भिडेचं काय?

पुतणीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे खरीखुरी पाटी आहे, 'सुटे पैसे द्यावेत'. कौतुक ही शंभराची कोरी नोट. दिसायला मोठी, पण कंडक्टरच्या काही कामाची नाही, त्याला तिचा हिशेबच करता येत नाही. "पहिल्या प्रवाशापाशी मी अडलो, कारण नाण्यांना बोट लावायचं असतं हे समजलं नाही", हे तेरा रुपये मोजून हातावर ठेवणं झालं.

पुतणीनं क्यूआर कोड टाकला नाही. तिनं गेम १९९४ सालात नेला आणि पहिल्याच थांब्यावर एक म्हातारी बसवली. ती कमरेची चंची सोडून एकेक नाणं कंडक्टरच्या हातावर मोजून ठेवते, मोठ्यानं आकडे म्हणत. शेजारच्या मुलाला मे महिन्यात पुन्हा बसवलं तेव्हा तो म्हातारीपाशी हसला आणि पुढे गेला. आता चौथ्या थांब्यावर अडतो, तिकिटामागे बाकी का लिहायची ते त्याला कळत नाही. ते तिनं वहीत टिपून घेतलं आहे.

घाटात भूत मागणाऱ्याला तिनं नाही म्हणून कळवलं. कारणही लिहिलं, की रात्रीच्या गाडीत कंडक्टरला भीती भुताची नसते, हिशेबात कमी भरलेल्या पैशांची असते. मला वाटलं, गेले याचे दोनशे रुपये. पुढच्या महिन्यात ते आले, सोबत निरोप होता. तिसऱ्या वळणावर धुकं जास्त झालंय, थांब्याची पाटी वाचता येत नाही.